अट क्रमांक नऊ

अर्ज आला तेव्हा त्यावर हळदीचं बोट उमटलेलं होतं.
खापरे गल्ली तालीम मंडळ, नोंदणीकृत.
हौद्यावरचं छप्पर गळतं, तांबड्या मातीचा चिखल होतो,
सबब सोडत काढण्यास परवानगी मिळावी.
तिकीट वीस रुपये.
पहिलं बक्षीस म्हैस, दुसऱ्या वेताची.
दुसरं मिक्सर. उत्तेजनार्थ टॉवेल-टोपी.

साहेबांनी समासात लिहिलं, ‘जनावर ही वस्तू धरावी काय?’
आणि फाईल माझ्याकडं सरकवली.

मी नियम वाचते. माझं घर त्यावर चालतं.
नफा माणसानं खायचा नाही, छपरानं खायचा.
अठराच्या आतल्यानं तिकीट घ्यायचं नाही,
चिठ्ठी काढायला मात्र लहान मूलच लागतं,
डोळे बांधून.
अट नऊ : जेवढी तिकिटं विकली तेवढ्याच स्थळप्रती डब्यात,
शासनाच्या प्रतिनिधीसमक्ष मोजून.
शासनाचा प्रतिनिधी म्हणजे मी,
हेमलता आडसूळ, वरिष्ठ लिपिक.

कचेरीच्या फाटकाशीच लॉटरीचा स्टॉल होता.
बाबांनी बावीस वर्षं तिथून तिकीट घेतलं.
सरकारी होतं, म्हणून आईनं त्याला कधी जुगार म्हटलं नाही.
‘तुमच्या बाबांचं ते’ म्हणायची.
ते गेल्यावर गादीखाली सगळी सापडली,
वर्षवार, रबर लावून.
फायली लावायला मी त्यांच्याकडूनच शिकले असणार.

रविवारी दिवेलागणीला मोजायला बसले.
विकली अठराशे सत्तेचाळीस.
डब्यात अठराशे शेहेचाळीस.
पुन्हा मोजली.
केरबा मिठारी, सेक्रेटरी, माइक न झाकताच म्हणाले,
‘एका कागदानं काय हुतंय, बाई?’
अख्ख्या गल्लीनं ऐकलं.
मी म्हटलं, अट नऊ.

सगळं थांबलं. हलगीवाला काठी खाली ठेवून
तंबाखू मळायला लागला.
म्हैस खांबाला बांधलेली, शिंगांना झेंडूच्या माळा,
धारेची वेळ टळलेली, रेकत होती,
तिला कुणाच्या नशिबाशी देणंघेणं नव्हतं.
मग एक पोरगं भीत भीत म्हणालं,
‘म्हशीनं खाल्लं बाई. मी बघिटलं.’
सहाशे तेरा.

माझ्या फॉर्मात रकाने होते :
हरवले, फाटले, भिजले.
खाल्ले, असा नव्हता.

लोक हसत होते तेव्हा अक्काताई सासने पुढं आल्या,
चार घरची भांडी घासणाऱ्या.
पदराची गाठ सोडली, घामानं मऊ झालेलं तिकीट काढलं,
मला आकडा दिसेल असं धरलं,
आणि उभ्या राहिल्या,
रेशनला राहतात तशा.

मी टाचणवहीचं पान फाडलं.
६१३ लिहिलं. सही, तारीख. शिक्का पिशवीत होताच.
पान जाड होतं, घडी बाकीच्यांसारखी बसेना.
टाकल्यावर सुचलं :
पोराचे डोळे बांधलेत,
बोटं नाहीत बांधलेली.

त्याचा हात आत गेला, फिरला.
मी बावीस वर्षांत पहिल्यांदा
कुठल्या तरी आकड्याकडं तशी बघत होते.
का, ते अहवालात येत नाही.

अकराशे दोन. राजारामपुरीतला कुणी कंपाउंडर,
हजरसुद्धा नव्हता.
अक्काताईंनी तिकीट परत गाठीत बांधलं,
आता कशाला, कुणास ठाऊक.

धार तिथंच काढली. ते दूध कुणाचं,
तालमीचं की कंपाउंडरचं, यावर नियम गप्प आहेत.
केरबांनी फेसाळ ग्लास माझ्यापुढं धरला.
प्रतिनिधीनं काही स्वीकारायचं नाही, अट अकरा.
मी ग्लास परत केला.
अर्धा.

मग डबा सील करायला घेतला.
लाख वितळेपर्यंत आत हात घालून चाचपलं.
जाड घडी वरच होती,
अगदी वर, कोपरा दुमडलेली,
कुणीतरी धरून सोडून दिल्यासारखी.